अणदूरच्या विमानाचा करारनामा

फसली सन तेराशे पंचावन्नच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचेचाळीसच्या, कार्तिकात, मौजे अणदूर इथं माणिकप्पांच्या वखारीत पुढील वस्तू होत्या: शेंगांची पोती त्रेसष्ट, रिकामी पोती एकशे बारा, तराजू दोन (पैकी एक मोडका), कोंबड्या चार आणि विमान एक.

विमान 'एक' धरणं हे शांतलिंगचं मत. त्याचे वडील माणिकप्पा ते एक धरायला तयार नव्हते. त्यांच्या मोजणीप्रमाणे ते सगळं सुटं सामान होतं. अकरा-अकरा फुटी पंख दोन, तेरा फुटी धड एक, शेपूट एक (चारही कोंबड्या त्यात राहत), सागवानी प्रोपेलर एक, एका जहागीरदाराच्या मोडक्या मोटारसायकलची चाकं दोन, आणि त्याच मोटारसायकलचं दोन सिलिंडरचं इंजिन एक, वजन एकशे एकवीस पौंड.

"जोडलं म्हंजे विमान," माणिकप्पा म्हणायचे, "आन् उडलं म्हंजे शांतू शहाणा. सध्या दोन्ही न्हाय."

शांतलिंग हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आला होता आणि येताना पेटीत विमानाचे नकाशे घेऊन आला होता. दोन वर्षं तो ते बांधत होता. महत्त्वाचं निरीक्षण तो क्रमांक घालून एका वहीत लिहायचा. निरीक्षण क्रमांक एक: 'मांजरपाट ताणल्यावर एका फुटास पाव इंच वाढतं.' पंखांवरचं हे मांजरपाट त्याच्या आईनं, शरणम्मांनी, हातानं शिवलं होतं. त्यावर चढवायचं विलायती रोगण लढाईमुळं मिळत नव्हतं, म्हणून शांतलिंगनं साबुदाण्याची खळ आणि जवसाचं तेल असा स्वतःचा पर्याय शोधला. वाळल्यावर कापड टणटण वाजायचं. हा शोध पुढं महागात पडला, पण ते पुढं.

शरणम्मांनी पंख शिवले ते फुकट नव्हे. अणदुरात तेव्हा पिठाची गिरणी नव्हती. गावातल्या बायका पहाटे जात्यावर बसायच्या, नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन नळदुर्गाला जायच्या. गिरणीची दगडी चाकं माणिकप्पांनी कधीच आणून ठेवली होती. फिरवायला इंजिन तेवढं नव्हतं, आणि जे होतं ते लेकाच्या विमानाच्या नाकात बसणार होतं.

"पंख म्या शिवले," शरणम्मा म्हणाल्या. "तवा इंजिन माझं."

"अव्वा, इंजिनाशिवाय पंखांचा उपयोग काय?"

"आन् पिठाशिवाय तुझा?"

 शेवटी माणिकप्पांनी तोड काढली. पौषातल्या जत्रेच्या आत विमान उडालं पाहिजे. उडालं तर इंजिन शांतलिंगचं, जन्मभर कुणी मागायचं नाही. न उडालं तर दुसऱ्या दिवशी इंजिन गिरणीला आणि शांतलिंग वखारीच्या गादीवर. आता उडणं म्हणजे काय, हा वाद झाला. शांतलिंगचं म्हणणं, चाकं जमिनीवरून सुटली की उडालं. माणिकप्पा म्हणाले, तसं तर खड्ड्यातनं गेल्यावर आपली बैलगाडी बी उडते. मग ठरलं, की बैलांसकट बैलगाडी जेवढी लांब, तेवढं अंतर दोन्ही चाकं एकाच वेळी अधांतरी गेली पाहिजेत.

शांतलिंगनं लगेच टेप आणून गाडी मोजली, बैलाच्या नाकपुडीपासून मागच्या फळीपर्यंत. बैल मान हलवत असल्यानं तीन वेळा मोजावी लागली. एकोणीस फूट दोन इंच, एकोणीस फूट चार इंच, एकोणीस फूट. सरासरी एकोणीस फूट दोन इंच.

त्या दिवसापासून गावातल्या बायका शांतलिंगची फार आपुलकीनं चौकशी करू लागल्या. पाण्याला जाताना वखारीच्या दारात थांबायच्या. "उडलं का रं तम्मा?" "अजून नाही." "बरं, बरं," असं म्हणून समाधानानं पुढं जायच्या.

अडचण जमिनीची होती. विमानाला धावायला चारशे यार्ड सपाट जागा हवी. अणदूरची जमीन काळी, तीत हरभरा आणि ज्वारी, आणि दर पन्नास पावलांवर बांध. सपाट माळ होता तो अडीच मैलांवर नळदुर्गाला, खंडोबाची जत्रा भरते तिथं. शिवाय तिथं चाँदसाब मिस्त्री होता, ज्याला इंजिनातलं कळत होतं. म्हणजे विमान उडवण्यापूर्वी ते बैलगाडीतून न्यावं लागणार होतं. शांतलिंगला यात कमीपणा वाटला. पण मोठ्या देशांतही विमानं आगगाडीनं नेतात असं त्यानं मासिकात वाचलं होतं, त्यावर त्यानं मनाची समजूत काढली.

गावचे पटवारी आण्णासाहेब म्हणाले, "परवानगी लागंल. सडकेपेक्षा रुंद काय बी न्यायचं म्हंजे दरखास्त."

दरखास्तीचा नमुना उर्दूत होता आणि शांतलिंगचं उर्दू उत्तम होतं, त्यामुळं तिथं त्याची मान ताठ राहिली. वाहनाचा प्रकार: हवाई जहाज. चाकं: दोन. ओढणारी जनावरं: नाहीत. नवव्या दिवशी कागद परत आला. दोन चाकांच्या वाहनाला जनावर नाही हे संभवत नाही, खुलासा करावा. त्यानं खुलाशात लिहिलं, की जहाज गाडीवर ठेवून नेणार आहे आणि गाडीला बैल आहेत. कागद पुन्हा परत. जहाज गाडीवर जात असेल तर ते वाहन नव्हे, माल आहे. मालाचा नमुना वेगळा, तो भरावा. मालाच्या नमुन्यात धान्य, कडबा, सरपण, कातडी आणि मंडपाचं सामान एवढेच प्रकार होते.

"मंडप," आण्णासाहेब म्हणाले. "कापड हाय, बांबू हायती, दोरखंड हाय. अजून काय असतं मंडपात?"

"इंजिन नसतं."

"ते कुठं इचारलंय तुमाला?"

दोन वर्षांच्या संशोधनाला मंडपाचं सामान म्हणताना शांतलिंगचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं लिहिलं. परवानगी चार दिवसांत आली, तीन अटींवर. गाड्यांना मागं कंदील असावा. बैलांच्या गळ्यात घंटा असावी. सामान वाटेत उडवू नये. तिसऱ्या अटीवरून कचेरीत कुणालातरी सगळं कळलेलं होतं असं दिसतं, पण ते कोण हे अखेरपर्यंत कळलं नाही.

गाड्या भरायला घेतल्या त्या सकाळी सिद्रामप्पा आले. गावात वयानं सगळ्यांत मोठे, इकडचे पंच. काठी टेकून त्यांनी पंखांकडं पाहिलं, मग शांतलिंगकडं.

"तम्मा, नळदुर्गाला चाललास?"

"होय काका."

"करार कुठाय?"

आता हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गाला. आणि देव हलतो तो लेखी करारावर. नळदुर्गची मंडळी येतात, कागद होतो, सह्या होतात, मग पालखी उठते. परत आणताना अणदूरची मंडळी तसंच करतात. शेजारपाजारचा सलोखा टिकतो तो यामुळं, असं सिद्रामप्पांचं मत होतं, आणि त्या वर्षीची देवाची पालखी पाचच दिवसांपूर्वी गेली होती.

"काका, हे विमान आहे. माझं आहे. मीच नेतोय आणि मीच आणणार."

"देव बी आपलाच हाय," सिद्रामप्पा म्हणाले. "तरी आपुन कागद करतो. तुझं इमान देवापरीस मोठं लागून गेलंय का?"

याला होय म्हणणं शक्य नव्हतं. गाड्या थांबल्या. नळदुर्गाहून कल्याणप्पा आले. हे तिकडचे पंच, अतिशय नेमस्त माणूस; दिलेला शब्द पाळताना दुसऱ्याची पर्वा न करणारे. विमान त्यांच्याच गोठ्यालगतच्या पडवीत राहणार होतं. आण्णासाहेबांनी बोरू काढला. विमानाच्या कराराचा मसुदा त्यांच्याकडं नव्हता, देवाच्या कराराचा होता. त्यांनी तोच समोर ठेवला, आणि जिथं जिथं 'श्री' होतं तिथं 'विमान' घातलं. कागद मोडीत झाला.

शांतलिंगला इंग्रजी येत होतं, उर्दू येत होतं, घरचं कानडी येत होतं, बाळबोध मराठी येत होतं. मोडी येत नव्हती. कागद त्याच्यापुढं आला तेव्हा पाचपन्नास माणसं भोवती उभी होती आणि सगळ्यांना ठाऊक होतं की हा पोरगा बी.एस्सी. आहे. त्यानं कागद उजेडाकडं धरला. डावीकडून उजवीकडं डोळे फिरवले. मध्ये एकदा थांबून मान हलवली, जसं काही तिथला मुद्दा विशेष पटला. आणि सही केली.

"नीट वाचलंत न्हवं?" कल्याणप्पांनी विचारलं.

"अक्षर सुंदर आहे," शांतलिंग म्हणाला.

मग तीन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीवर डावा पंख आडवा, मधल्या गाडीवर उजवा पंख आडवा, मागच्या गाडीवर धड, शेपूट आणि इंजिन. कोंबड्या उतरवल्या होत्या. त्यातली एक पुन्हा चढली ती नळदुर्गातच सापडली. पुढची गाडी बळभीमची. हा गाडीवान अबोल आणि बैलांच्या बाबतीत फार हळवा.

उघड्या माळावर आल्यावर समोरून वारा सुटला. पंख आडवा होता, पुढची कड पुढंच होती, म्हणजे वाऱ्यात तो जसा असायला हवा तसाच होता. एका वळणावर बळभीमच्या गाडीचं डावं चाक जमिनीवरून उठलं, तसंच वर राहिलं आणि फिरत राहिलं. बळभीम मागं पाहून म्हणाला, "मालक, गाडी हलकी झाली."

शांतलिंग आनंदानं धावत पुढं गेला आणि वाकून टेप लावला. पाच इंच.

"मालक, बैल भेल्यात."

"अजून थोडा वेळ असंच ठेव."

"म्या ठेवलं न्हाय, मालक. ते आपसूक हाय."

बैल उधळले, गाडी बांधाला टेकली, चाक खाली आलं. शांतलिंगनं वहीत लिहिलं: 'पंख उत्तम काम देतो.' बळभीमनं पंखावर चार दगड ठेवले, आणि शांतलिंगनं कितीही समजावलं तरी ते काढले नाहीत.

या गडबडीत मागं कुणाचं लक्ष नव्हतं. गाड्या एकामागं एक लागून चालल्या होत्या, आणि मधल्या गाडीच्या बैलांच्या तोंडासमोर पुढच्या पंखाची मागची कड नेमकी येत होती. साबुदाण्याची खळ, वर जवसाचं तेल. अडीच मैल. तिसऱ्या गाडीच्या बैलांनीही उजव्या पंखाच्या बाबतीत दुजाभाव केला नाही. नळदुर्गाला पोचल्यावर शांतलिंगनं मोजलं. डावा पंख अडीच चौरस फूट खाल्लेला, उजवा सव्वादोन. फरक फक्त पाव चौरस फुटाचा असल्यानं तोल बिघडत नाही, असं त्यानं चाँदसाबला समजावून सांगितलं. चाँदसाब मिस्त्रीनं पंखाकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं. "साब," तो म्हणाला, "मैं इंजिन का मिस्त्री हूँ. ये काम तो हकीम का है."

शरणम्मांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचं जुनं इरकली लुगडं फाडून दोन्ही पंखांना ठिगळं लावली. मागच्या कडेला लाल काठ आला. विमान आता जरा नेसल्यासारखं दिसत होतं.

"इंजिन तुम्हाला मिळू नये म्हणून मी धडपडतोय, आणि तुम्ही ठिगळं लावताय," शांतलिंग म्हणाला.

"फाटक्या कापडामुळं पडलं आसं नगं कुणी म्हनाया," शरणम्मा म्हणाल्या. "तुझ्या इंजिनामुळं पडू दे."

नंतर शांतलिंगला ताप आला आणि तो आठ दिवस अणदुरात पडून राहिला. नवव्या दिवशी तो कल्याणप्पांच्या पडवीत गेला. इंजिन पाटावर बसवलेलं होतं. खाली पानं, पुढं समई. दोन्ही सिलिंडरवर विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढलेले. आणि इंजिन ओलं होतं. नुसतं ओलं नव्हे, त्याच्यातून थेंब गळत होते.

"हे काय?" तो म्हणाला.

"आंगूळ झाली आत्ताच," कल्याणप्पा म्हणाले. "रोज सकाळी दोन घागरी. थंडीचे दिवस हायेत म्हून कोमट घालतो. तुमी काय बी काळजी करू नका, एक दिवस चुकला न्हाय."

"पण का?"

कल्याणप्पांनी कोनाड्यातून करार काढला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचला. सदरहू विमानास रोज प्रातःकाळी स्नान घालावे, दिवाबत्ती करावी, नैवेद्य दाखवावा, दर रविवारी भंडारा उधळावा, यात कसूर होऊ नये. खाली शांतलिंगची सही होती. तीही सुंदर अक्षरात.

"तुमी तर मान हलवली न्हवं का," कल्याणप्पा म्हणाले. "हितंच. स्नानाच्या कलमालाच."

शांतलिंगला त्या क्षणी दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक, की मोडी येत नाही. दोन, की सगळं पटल्यामुळं मान हलवली होती. तो शास्त्रज्ञ होता, पण माणूसही होता. तो म्हणाला, "कोमट पाणी घातलंत ते बरं केलंत."

चाँदसाबनं ठिणगी पाडणारा मॅग्नेटो खोलला, तर आतून चमचाभर पाणी निघालं. "सर्दी हो गई इस कू," तो म्हणाला. "आठ रोज से न्हारा बिचारा." मॅग्नेटो चहाच्या हॉटेलातल्या भट्टीजवळ तीन दिवस ठेवून वाळवला. ठिणगी आली. त्यानंतर इंजिन गरम झालं की भज्यांचा वास सुटायचा, पण शक्तीवर परिणाम नव्हता.

आंघोळ थांबवणं मात्र सोपं नव्हतं. कल्याणप्पांनी सही केलेली होती. सिद्रामप्पांना अणदुराहून गाडीत घालून आणावं लागलं. दोघा पंचांनी दुपारभर विचार करून निकाल दिला, की आजारी असताना अंगावर पाणी न घेता नुसते पाय धुतले तरी चालतात. सबब विमानाची फक्त चाकं धुवावीत. नैवेद्य बैलांना द्यावा, कारण त्यांनी तो आधीच सुरू केलेला आहे. रविवारचं कलम जसंच्या तसं राहिलं. रविवारच्या भंडाऱ्याचा शांतलिंगला काय त्रास होता, म्हणून त्यानंही हरकत घेतली नाही.

जत्रा पौर्णिमेला. त्याच्या आधीचा शेवटचा कोरडा, वाऱ्याचा, बळभीम मोकळा असलेला, चाँदसाबजवळ पेट्रोल असलेला दिवस कोणता, याचा हिशेब करताना शांतलिंगनं सगळं पाहिलं, वार पाहिला नाही. तो रविवार होता.

सकाळी साडेआठला विमान माळावर उभं होतं. पहिल्यांदाच सगळं एकत्र जोडलेलं. माणिकप्पांनी भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "एक." बस, एवढंच. शांतलिंगनं ते वहीत लिहून घेतलं.

दोन्ही गावं लोटली होती. अणदूरच्या बायका शरणम्मांच्या मागं एका बाजूला उभ्या होत्या, रिकाम्या पाट्या घेऊन, सहज जाता जाता थांबल्यासारख्या. माळाच्या टोकाला जत्रेच्या बैलांसाठी कडब्याची गंज रचलेली होती; ती तीनशे नव्वद यार्डांवर होती, म्हणजे पुरेशी लांब. आणि धावेच्या दोन्ही बाजूंना कल्याणप्पांनी स्वतः माणसं उभी केली होती. प्रत्येकाच्या हातात भंडाऱ्याची पिशवी. हळद, दळलेली, बारीक, पिवळीधमक.

"हे कशाला?" शांतलिंगनं विचारलं, पण विचारतानाच त्याला वार आठवला.

"रविवार हाय," कल्याणप्पा म्हणाले.

"थोडाच उधळा."

"करारात मोजमाप न्हाय. मग कमी कसं करावं?"

चाँदसाबनं प्रोपेलर हातानं फिरवला. तिसऱ्या फिरवण्याला इंजिन धडधडलं, भज्यांचा वास सुटला, बळभीमनं शेपूट सोडलं, आणि विमान निघालं. पहिले शंभर यार्ड उत्तम गेले. शेपूट उचललं. दीडशे यार्डांवर लोकांना कळलं की हे खरंच पळतंय, आणि दोन्ही गावांनी एका आवाजात येळकोट केला आणि पिशव्या मोकळ्या केल्या.

शांतलिंगला त्यापुढं काही दिसलं नाही. सगळं पिवळं होतं. चष्म्यावर हळद, दातांत हळद. त्याला फक्त ऐकू येत होतं, आणि तो शास्त्रज्ञ असल्यानं तो ऐकत राहिला. खाली चाकांचा खडखडाट चालू होता. मग खडखडाट थांबला. ढुंगणाखालचे सगळे धक्के एकदम बंद झाले, जसं गाडी मातीतून गाद्यांवर चढावी. त्यानं सेकंद मोजायला 'एक' म्हणायला घेतलं. अर्धवट शब्द तोंडात असताना इंजिनाला ठसका लागला. कार्बुरेटरनं आतापर्यंत अंदाजे मूठभर भंडारा आत घेतला होता. ठसका, पुन्हा ठसका, एक शिंक, आणि शांतता. मग खडखडाट पुन्हा आला, बराच वेळ राहिला, आणि शेवटी कडब्याची गंज आली.

प्रोपेलर मोडला. बाकी विमान गंजीत छातीपर्यंत शिरून उभं राहिलं. शांतलिंग खाली उतरला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, तोंडात कडबा. आधी बैल पोचले, मग माणसं. बैलांनी सरळ पंख गाठले.

"उडलं," बळभीम म्हणाला. "दोन पुरुष उंच गेलतं. म्या बगितलं."

"काय दोन पुरुष," बायकांतून कुणी म्हणालं. "चाक भुईला चिकटून व्हतं. अख्ख्या गावानं बगितलं."

"गावाच्या डोळ्यात हळद व्हती."

"आन् तुझ्या डोळ्यात काय व्हतं?"

माणिकप्पा शांतलिंगकडं वळले. "तू सांग. उडलास का?"

शांतलिंगनं खरं ते सांगितलं. "मला दिसलं नाही, अप्पा. चाकांचा आवाज थांबला होता. किती अंतर, ते सांगता येत नाही."

 शरणम्मांनी पदरानं त्याचा चष्मा पुसला आणि त्याच्या नाकावर ठेवला. त्या पुसलेल्या चष्म्यातून शांतलिंगनं मागं पाहिलं.

माळ दीडशे यार्डांपासून गंजीपर्यंत पिवळा झाला होता. उधळलेला भंडारा जमिनीवर सारखा बसला होता, चाळणीनं चाळावा तसा. त्यावर चाकांचे दोन माग उमटले होते, काळे, स्वच्छ, दोन रुळांसारखे. आणि एका जागी ते दोन्ही तुटत होते.

तो धावत सुटला. "कुणी पाय ठेवू नका. कुणीही." सिद्रामप्पांनी काठी आडवी धरून दोन्ही गावं रोखून धरली. टेप आला. एक टोक शांतलिंगनं धरलं. दुसरं माणिकप्पांनी मागितलं. मापाच्या बाबतीत ते दुसऱ्याच्या हातावर विसंबत नसत. डावा माग एकवीस फूट तीन इंच तुटलेला होता. उजवा एकोणीस फूट अकरा इंच. पण करार दोन्ही चाकं एकाच वेळी वर असण्याचा होता, आणि उजवं चाक डाव्याच्या मागून सुटलं होतं, मागून टेकलं होतं. दोन्ही नसलेला तेवढाच तुकडा मोजायचा होता. माणिकप्पा गुडघ्यावर बसले. टेपच्या आकड्यावर नाक टेकेल इतके वाकले. तसेच राहिले. मग शांतलिंगला बोलावून त्यालाही पाहायला लावलं.

एकोणीस फूट पाच इंच.

"गाडी किती व्हती?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"एकोणीस फूट दोन," माणिकप्पा उठत म्हणाले. धोतरावर हळद लागली होती, ती त्यांनी झटकली नाही. "तीन इंच जास्त. बैलानं मान ताणली त्या मापापेक्षा बी एक इंच जास्त. माप ते माप. इंजिन शांतूचं."

 बायकांनी एकेक करून रिकामी पाटी काखेत घेतली. नळदुर्गाची गिरणी जवळच होती. पण त्यांनी दळण आणलंच नव्हतं, त्या पाट्या विमान पडेल आणि गावात गिरणी होईल या भरवशावर आणल्या होत्या. शरणम्मा गंजीपाशी गेल्या, कडब्यातून प्रोपेलरचे दोन तुकडे काढले आणि एकमेकांना लावून पाहिले.

"हे पुन्ना करायला किती दिस रं?"

"साग मुरावा लागतो, अव्वा. मग तासणं, तोलणं. आणि खळीच्या जागी दुसरं काही शोधायला हवं. दहा महिने तरी जातील."

"म्हंजे दहा महिने इंजिन बसून."

शांतलिंगनं तुकड्यांकडं पाहिलं. मग पाट्यांकडं. तो जिंकला होता, त्यामुळं त्याला आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरलं नव्हतं, आणि अशा वेळी माणसाला आजूबाजूचं बरंच दिसू लागतं. त्याला आठवलं, की पंख शिवताना आईच्या अंगठ्याजवळ जात्याच्या खुंट्याचा घट्टा दिसायचा.

"सव्वादहा," तो म्हणाला.

"काय?"

"सव्वादहा महिने इंजिन गिरणीत राहील. पावणेदोन महिने विमानात."

सिद्रामप्पांनी आण्णासाहेबांना हाक मारली. "मसुदा हाय न्हवं बरोबर?"

"मसुदा आहे," शांतलिंग म्हणाला, "पण या वेळी बाळबोधीत लिहा."

सगळे त्याच्याकडं पाहू लागले.

"मला मोडी येत नाही," तो म्हणाला.

"ठाव हाय की," कल्याणप्पा म्हणाले. "तुमी कागूद उलटा धरला व्हता."

करार तिथंच, विमानाच्या पंखावर कागद ठेवून झाला. बैलांना त्यासाठी बाजूला ओढावं लागलं. स्नानाचं कलम वगळलं. रविवारी गिरणी बंद ठेवावी आणि भंडारा लांबूनच दाखवावा असं घातलं. सह्या झाल्या. शांतलिंगनं सही करण्याआधी सगळी कलमं दोनदा वाचली.

इंजिन अणदूरच्या वखारीत, शेंगांच्या पोत्यांशेजारी, चार बोल्टांवर बसलं. चाँदसाबनं पट्टा चढवला. पहिल्या दिवशी पाट्यांची रांग वखारीपासून वेशीपर्यंत होती. पहिलं दळण शरणम्मांचं. शांतलिंग घड्याळ आणि वही घेऊन उभा होता.

निरीक्षण क्रमांक दोनशे सोळा: 'एका तासात दळलेली ज्वारी एक मण सव्वीस शेर. पीठ पिवळं.'